कॉव्हेंट गार्डनचा १९४६ चा हंगाम : अभिजात बॅले आणि नवी रचना

जुने आणि नवे यांचा वाद वाङ्मयात आपल्या पुरेपूर परिचयाचा आहे. मोरोपंतांचे अभिमानी आणि केशवसुतांचे अभिमानी यांनी एकमेकांवर कितीही शस्त्रे परजली, तरी त्या लढाईत मोरोपंतांची एकही आर्या नष्ट होत नाही. ती ग्रंथात सुरक्षित असते. पन्नास वर्षे तिच्याकडे कोणी ढुंकून पाहिले नाही, तरी एक्कावन्नाव्या वर्षी एखादा जिज्ञासू पुस्तकावरील धूळ झटकून ती वाचू शकतो. नृत्याची गोष्ट अगदी निराळी आहे. नृत्याचा ग्रंथ म्हणजे नर्तकाचे शरीर, आणि ते शरीर तर चाळिशीच्या आसपासच थकावयास लागते. एका पिढीने एखादी रचना नाचावयाची सोडली, की पुढच्या पिढीला तिचे नाव तेवढे कळते, ती रचना कळत नाही. यामुळे ज्या मंडळींनी नृत्याचा संसार मांडला आहे त्यांना दर वर्षी एक कठीण निवाडा करावा लागतो : किती रात्री जुन्यासाठी ठेवावयाच्या आणि किती नव्याला द्यावयाच्या? जुन्याला कमी दिल्या तर ते मरते. नव्याला कमी दिल्या तर ते जन्मासच येत नाही.

हा निवाडा कसा करावा याची चर्चा हवेत न करता एका प्रत्यक्ष हंगामाच्या आधारे करावी, असे आम्ही योजिले आहे. तो हंगाम म्हणजे लंडनच्या सॅडलर्स वेल्स बॅले या मंडळीने १९४६ साली कॉव्हेंट गार्डनच्या राजेशाही नाट्यगृहात केलेला पहिला हंगाम होय. २० फेब्रुवारीस त्याचा आरंभ झाला आणि पुढच्या नऊ आठवड्यांत एकाच मंडळीने, एकाच रंगमंचावर, रशियन परंपरेतील सर्वांत भव्य अशी अभिजात कृती आणि दोन सर्वस्वी नव्या कृती प्रेक्षकांपुढे ठेविल्या. या गोष्टीला आज जवळजवळ ऐंशी वर्षे झाली आहेत. त्या रात्रींचे टीकाकार काय म्हणाले यापेक्षा काळ काय म्हणाला हे आज आपणांस दिसते, आणि काळासारखा निःपक्षपाती टीकाकार दुसरा नाही.

प्रथम परिस्थिती पाहू. महायुद्ध संपून पुरते वर्षही झालेले नव्हते. युद्धकाळात या नाट्यगृहाचे नाचघर झाले होते. जेथे पूर्वी युरोपातील थोर गायक गात, तेथे रजेवर आलेले सैनिक आपापल्या सोबतिणींसह जोडीने नाचत. इंग्लंडात अन्नधान्य आणि कापड शिधापत्रिकेवर मिळत होते. पाव युद्धात कधी नियंत्रित झाला नव्हता, परंतु शांततेच्या त्या पहिल्याच उन्हाळ्यात, १९४६ च्या जुलैत, त्यावरही नियंत्रण आले. अशा वेळी राजा, राणी, पऱ्या आणि राजकन्या यांच्या जरीच्या पोशाखांसाठी कापड जमवावयाचे आणि त्या खटाटोपास सरकारी पैशाचा आधार द्यावयाचा, ही गोष्ट कोणाही विचारी माणसास खटकण्याजोगी होती. तिचे समर्थन करणारे गृहस्थ अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्स हे होते. देशाच्या तिजोरीत किती खडखडाट आहे हे त्यांच्याइतके दुसऱ्या कोणास ठाऊक असणार? तरीही कॉव्हेंट गार्डनच्या विश्वस्तमंडळाचे अध्यक्षपद त्यांनी स्वीकारले आणि कलेस राजाश्रयाऐवजी लोकाश्रय सरकारमार्फत मिळावा ही नवी व्यवस्था उभी केली. आक्षेप मोठा आहे. त्याचे उत्तर केन्स यांच्या नावाच्या वजनाने देता येणार नाही. ते त्या हंगामातील कृतींनीच दिले पाहिजे. म्हणून आधी कृतींकडे वळू.

पहिल्या रात्रीची कृती होती ‘द स्लीपिंग ब्यूटी’, म्हणजे निद्रिस्त राजकन्येची कथा. संगीत चायकोव्हस्कीचे, नृत्यरचना मारियुस पेतिपाची, आणि पहिला प्रयोग १८९० सालचा, सेंट पीटर्सबर्गच्या मारीन्स्की नाट्यगृहातील. कथा लहान मुलांनाही ठाऊक असते. बारशाला बोलावणे न आल्याने चिडलेली दुष्ट परी काराबोस राजकन्या ऑरोरा हिला शाप देते. दुसरी परी त्या शापाची धार बोथट करून मृत्यूच्या जागी शंभर वर्षांची झोप आणते. शेवटी राजपुत्र येतो आणि राजकन्येबरोबर सारा राजवाडा जागा होतो. दिवे मालवून सहा वर्षे काढलेल्या लंडनला या कथेचा अर्थ कोणी समजावून द्यावयास नको होता. परंतु प्रसंगाशी जुळणे हा कलाकृतीचा योगायोग असतो, गुण नव्हे. प्रसंग सरला तरी जे उरते तो गुण, आणि या कृतीत तो रचनेचा आहे.

पेतिपाची रचना व्याकरणासारखी बांधेसूद आहे. युरोपीय बॅलेत पायांच्या पाच मूळ स्थिती असतात, मांड्यांपासून पाय बाहेर वळविलेले असतात, आणि स्त्रिया पायाच्या बोटांच्या टोकावर उभ्या राहून नाचतात. एवढ्या मोजक्या मुळाक्षरांतून पेतिपाने तीन अंकांत तीन वेगळ्या ऑरोरा घडविल्या. पहिल्या अंकातली नुकतीच वयात आलेली मुलगी आहे. चार देशांचे चार राजपुत्र एकामागून एक पुढे होतात आणि ती एका पायाच्या टोकावर तोल सावरून प्रत्येकाचा हात क्षणभर धरते व सोडते. जेथे हात सुटतो आणि पुढचा हात अजून लाभलेला नसतो, त्या अर्ध्या क्षणाच्या निराधार अवस्थेत एका तरुण मुलीचा संकोच आणि तिचा आत्मविश्वास ही दोन्ही एकदम प्रकट होतात. शब्दाने हे सांगावयाचे झाले तर पानभर वर्णन लागेल. दुसऱ्या अंकात ती राजपुत्राला दिसलेला आभास असते. तेथे तिचे नृत्य हाती न लागणारे, मागे मागे सरणारे आहे. तिसऱ्यात ती वधू आहे आणि तिचे प्रत्येक पाऊल निश्चयाने पडते. पहिल्या रात्री ही भूमिका मार्गो फॉन्टेन या सव्वीस वर्षांच्या नर्तकीने केली. पुढे १९५५ साली अमेरिकेत दूरचित्रवाणीसाठी झालेला तिचा याच कृतीचा प्रयोग चित्रफितीवर उपलब्ध आहे, आणि तो पाहणाऱ्यास या तीन अवस्थांतील भेद आजही स्पष्ट जाणवतो. तिच्या नृत्यात चमत्कार करून दाखविण्याची हौस नाही. अवघड जागा ती अवघड आहे असे भासू न देता ओलांडते, आणि म्हणून पाहणाऱ्याचे लक्ष कसरतीवर न राहता राजकन्येवर राहते.

आता खरा प्रश्न. १८९० साली सेंट पीटर्सबर्गात नाचलेली ही कृती १९४६ साली लंडनला पोहोचली कशी? हा इतिहास कृतीइतकाच उद्बोधक आहे. मारीन्स्कीत स्तेपानोव्ह नावाच्या नर्तकाने संगीतलिपीच्या धर्तीवर नृत्यलिपी तयार केली होती आणि तिच्यात तेथील पुष्कळ रचना टिपून ठेविल्या गेल्या. निकोलाय सर्गेयेव हा तेथील व्यवस्थापक क्रांतीनंतर रशिया सोडताना त्या वह्या बरोबर घेऊन निघाला. १९२१ च्या नोव्हेंबरात दियाघिलेवने लंडनच्या अल्हाम्ब्रा नाट्यगृहात हीच कृती मोठ्या थाटाने केली तेव्हा त्या वह्याच उपयोगी पडल्या. १८९० साली ऑरोरा झालेली कार्लोता ब्रियांत्सा ही त्या वेळी काराबोस झाली. शाप झेललेली राजकन्या एकतीस वर्षांनी शाप देणारी म्हातारी झाली आणि बरोबर पहिल्या प्रयोगाची आठवण घेऊन आली. परंतु नव्याची चटक लागलेल्या प्रेक्षकाला तीन अंकांची जुनी कथा पचली नाही. १९२२ च्या फेब्रुवारीत प्रयोग बंद पडले आणि दियाघिलेव कर्जात बुडाला. तथापि त्या प्रयोगांतील नर्तिका लिडिया लोपोकोव्हा हिच्यासाठी केन्स वारंवार प्रेक्षागृहात येऊन बसत, आणि १९२५ साली त्या दोघांचा विवाह झाला. बुडालेल्या प्रयोगाचे व्याज असे चोवीस वर्षांनी कॉव्हेंट गार्डनला मिळाले.

सॅडलर्स वेल्स मंडळीच्या संस्थापिका नीनेट द व्हाल्वा या स्वतः काही काळ दियाघिलेवच्या मंडळीत नाचलेल्या. त्यांनी १९३१ पासून जी मंडळी उभारली तिचा पाया घालताना एक गोष्ट निश्चयाने केली. १९३३ व १९३४ या दोन वर्षांत सर्गेयेवकडून ‘कोपेलिया’, ‘जिझेल’, ‘नटक्रॅकर’ आणि ‘स्वान लेक’ या कृती बसवून घेतल्या आणि १९३९ साली ‘स्लीपिंग ब्यूटी’ही. इंग्लंडला बॅलेची स्वतःची अशी परंपरा तेव्हा जवळजवळ नव्हतीच. ज्यांच्या घरात पूर्वजांची भांडी नाहीत त्यांनी दुसऱ्याच्या घरची आणून नित्य घासावी, म्हणजे दोन पिढ्यांत ती आपलीशी होतात, असा तो व्यवहार होता. तो किती दूरदृष्टीचा ठरला हे पुढे दिसेल.

येथे शुद्धतावाद्यांचा एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. १९४६ ची ‘स्लीपिंग ब्यूटी’ ही पेतिपाची हुबेहूब प्रत नव्हती. ऑलिव्हर मेसेलचे देखावे आणि पोशाख नवे होते. पहिल्या अंकातील पुष्पमाळांचे नृत्य फ्रेडरिक ॲश्टनने नव्याने रचिले होते. विवाहोत्सवातील तीन इव्हानांचे नृत्य द व्हाल्वा यांचे होते. मग याला अभिजात कसे म्हणावयाचे? आमच्या मते या प्रश्नाचे उत्तर भर कोठे घातली यावर अवलंबून आहे. वर्णिलेले चार राजपुत्रांचे नृत्य, आभासाचे दृश्य, विवाहाचे युगुलनृत्य, हे या कृतीचे मर्म होय. तेथे पेतिपाची बांधणी राखली गेली. पुष्पमाळांचे नृत्य हे शोभेचे स्थळ आहे. देवळाच्या सभामंडपाची डागडुजी करावी, गाभाऱ्यास हात लावू नये, एवढा विवेक असला म्हणजे पुरे. एका बाबतीत मात्र आम्हांस हा विवेक सुटलेला दिसतो. रॉबर्ट हेल्पमन या कुशल नटाने काराबोस आणि राजपुत्र अशा दोन्ही भूमिका एकट्यानेच केल्या. त्यात त्याचे अष्टपैलुत्व दिसले असेल, परंतु शाप देणारा आणि शाप सोडविणारा यांचा चेहरा एकच आहे हे ठाऊक झाल्यावर प्रेक्षक कथेत रमण्याऐवजी नटाचे कौतुक करण्यात गुंततो. कृतीपेक्षा नट मोठा करण्याचा हा दोष आपल्याही रंगभूमीला अपरिचित नाही.

१० एप्रिलला नव्याची पाळी आली. ‘ॲडम झीरो’ ही हेल्पमनची रचना. संगीत आर्थर ब्लिस यांचे. माणसाचा जन्मापासून मृत्यूपर्यंतचा प्रवास एका बॅलेच्या उभारणीच्या रूपाने दाखवावयाचा, ही कल्पना. रंगमंच मुद्दाम उघडाबोडका ठेविला होता. रंगमंचाची जी अंगे एरवी झाकलेली असतात ती प्रेक्षकांस दाखविली जात. नव्या नाट्यगृहाच्या यंत्रसामग्रीचा मुक्तहस्ते उपयोग केला होता. कल्पना चतुर आहे यात शंका नाही, आणि ब्लिस यांचे संगीत तर पुढेही वाद्यवृंदांच्या कार्यक्रमांत ऐकू येत राहिले. परंतु नृत्य म्हणून ही कृती टिकली नाही. याचे कारण दुर्दैव नव्हे. तिच्यातील नवेपणा यंत्रांत, रूपकांत आणि मांडणीत होता. नर्तकाच्या शरीराला मात्र तिने कोणतीही नवी भाषा दिली नाही. यंत्राचे नवल दुसऱ्या वर्षी ओसरते, आणि रूपकाचा उलगडा एकदा झाला की ते पुन्हा पाहण्याची उत्कंठा उरत नाही.

त्यानंतर दोनच आठवड्यांनी, २४ एप्रिलला, ॲश्टनची ‘सिंफनिक व्हेरिएशन्स’ ही कृती आली. तीन दिवसांपूर्वीच केन्स यांचे निधन झाले होते. सेझार फ्रांक या संगीतकाराने पियानो आणि वाद्यवृंद यांच्यासाठी केलेली एक रचना आणि तिच्यावर सुमारे वीस मिनिटांचे नृत्य. कथा नाही, पात्रे नाहीत, प्रसंग नाही. तीन स्त्रिया व तीन पुरुष असे सहाच नर्तक, आणि ते आरंभापासून अखेरपर्यंत रंगमंच सोडीत नाहीत. सोफी फेदोरोविचचा पडदा वसंतातील कोवळ्या पिवळसर हिरव्या रंगाचा, त्यावर काही काळ्या वळणदार रेघा. बाकी सर्व मोकळे. ज्या रंगमंचावर नऊ आठवड्यांपूर्वी सारा दरबार उभा केला होता, त्याच अफाट रंगमंचावर सहा माणसे पांढऱ्या साध्या पोशाखात उभी करावयाची, हे धाडस लहान नव्हते.

या कृतीच्या जन्माची हकीकत रचनाकारांनी ध्यानी धरावी अशी आहे. ॲश्टन युद्धकाळात विमानदळात नोकरीला होता. त्या एकांतात त्याने संतांचे गूढवादी लेखन वाचले आणि आपल्या नव्या नृत्यात ऋतुचक्र, प्रीती आणि अध्यात्म असे पुष्कळ काही भरावयाचे ठरविले. तालमी सुरू झाल्यावर मायकेल सोम्स या प्रमुख नर्तकाच्या गुडघ्याला दुखापत झाली आणि प्रयोग पुढे गेला. त्या सक्तीच्या सवडीत ॲश्टनने आपल्या रचनेवर पुन्हा नजर टाकली आणि एकेक गोष्ट काढून टाकली. शेवटी जे उरले त्यात एकही पाऊल अनावश्यक नाही. पडदा वर जातो तेव्हा सहाही जण स्तब्ध उभे असतात. ती स्तब्धता पुरेशी खोल होईपर्यंत कोणी हालत नाही. मग हालचाल एकाकडून दुसऱ्याकडे अशी जाते की जणू एकच श्वास सहा देहांतून फिरत आहे. थांबलेले नर्तकही या कृतीत नाचतच असतात.

आता ही कृती जुनी की नवी? तिच्यातील पदन्यास पाहिले तर पेतिपाच्या विद्यार्थ्यास अपरिचित वाटावे असे फार थोडे सापडेल. तेच वळविलेले पाय, त्याच पाच स्थिती, तोच तोल. तरीही १८९० च्या सेंट पीटर्सबर्गात ही रचना जन्मास येऊ शकली नसती. ‘स्लीपिंग ब्यूटी’चे जग उतरंडीचे आहे : सर्वांत वर राजा, खाली दरबारी, त्यांच्याखाली समूह, आणि मध्यभागी एकटी राजकन्या. ‘सिंफनिक व्हेरिएशन्स’मध्ये राजाही नाही आणि समूहही नाही. फॉन्टेन त्या सहांत होती, परंतु तेथे ती सहांपैकी एक होती. व्याकरण तेच राहिले आणि त्या व्याकरणात मांडलेला समाज मात्र पार बदलला. आमच्या मते खरे नवेपण ते हेच. आणि हे नवेपण ॲश्टनला लाभले कारण त्याच्या हाताशी बारा वर्षे जुन्या कृती नाचून घडलेली शरीरे होती. ज्या नर्तकीने ऑरोराचा तोल साधला आहे, तिलाच असे काहीही न करता उभे राहणे शक्य होते. द व्हाल्वा यांनी सर्गेयेवच्या वह्यांत घातलेले भांडवल येथे फळास आले. ही कृती आजही नाचली जाते, आणि ॲश्टनच्या सर्वोत्कृष्ट रचनांत तिची गणना होते.

म्हणून जुन्या-नव्याचे प्रमाण रात्री मोजून ठरवू पाहणे आम्हांस व्यर्थ वाटते. नव्यासाठी जुने राखावयाचे असते, आणि जुने राखावयाचे तर ते आजच्या माणसांनी आजच्या परिश्रमाने रोज नव्याने उभे करावे लागते. हे विसरल्यास दोन्हीकडून हानी होते. सॅडलर्स वेल्सने १९४९ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्क जिंकले ते ‘स्लीपिंग ब्यूटी’ने, १९५६ साली राजसनद मिळून मंडळी ‘रॉयल बॅले’ झाली. परंतु अशा यशातच धोका असतो. प्रेक्षक तीच राजकन्या आणि तेच हंस पुन्हा पुन्हा मागतो, तिकिटे त्यांचीच खपतात, आणि व्यवस्थापक नव्या रचनेस बिचकू लागतो. जगातील कितीतरी मंडळ्यांचा हंगाम आज नाताळातील ‘नटक्रॅकर’च्या उत्पन्नावर उभा असतो. जुने जेव्हा केवळ तिजोरी भरण्यासाठी नाचले जाते तेव्हा ते राखले जात नाही, झिजविले जाते.

पावाचा आक्षेप अजून उत्तराची वाट पाहत आहे. केवळ ‘ॲडम झीरो’सारख्या कृती घडल्या असत्या तर तो आक्षेप खरा ठरला असता असे आम्ही निःसंकोच म्हणू. परंतु त्या हंगामात उपाशी पोटी जमविलेल्या कापडातून जी ‘स्लीपिंग ब्यूटी’ उभी राहिली ती २००६ साली, साठ वर्षांनी, रॉयल बॅलेने स्वतःचा वारसा म्हणून पुन्हा उभी केली. आणि जी ‘सिंफनिक व्हेरिएशन्स’ जन्मास आली तिला तर फारसे कापडही लागले नव्हते. पुढच्या तीन पिढ्यांना पुरेल असे काही एका पिढीने कमी खाऊन निर्माण केले, एवढेच उत्तर या बाबतीत देता येते, आणि ते पुरेसे आहे.

शेवटी या इतिहासातील एका धाग्याकडे वाचकांचे लक्ष वेधतो, कारण त्याचे एक टोक आपल्या देशात आहे. मारीन्स्कीत ‘स्लीपिंग ब्यूटी’ पाहून एका लहान मुलीने नर्तकी होण्याचा निश्चय केला. ती ॲना पाव्हलोव्हा. १९१७ साली पेरू देशातील लिमा शहरी तिला नाचताना पाहून एका मुलाने तोच निश्चय केला. तो फ्रेडरिक ॲश्टन. आणि १९२३ साली त्याच पाव्हलोव्हाने याच कॉव्हेंट गार्डनच्या रंगमंचावर उदय शंकर यांच्याबरोबर राधा-कृष्णाचे नृत्य केले. बॅले हा शब्द आपल्याकडे रूढ झाला तो उदय शंकर आणि खंडाळ्यास नृत्यशाळा चालविणाऱ्या मादाम मेनका यांच्यामुळे. मेनकांच्या मंडळीने १९३६ ते १९३८ या काळात युरोप गाजविला. त्यांची ‘मालविकाग्निमित्र’ ही नृत्यनाटिका नावाजली गेली. १९४७ साली मेनका निवर्तल्या. उदय शंकरांचे नृत्य ‘कल्पना’ या १९४८ च्या चित्रपटात काही अंशी तरी पाहावयास मिळते. मेनकांच्या नृत्यनाटिका कोणतीही मंडळी आज आपल्या नित्याच्या हंगामात नाचत नाही. त्यांच्या हाताखाली दमयंती जोशी यांच्यासारख्या नर्तकी घडल्या, त्यांच्या देहांतून काही संस्कार पुढे गेला असेल; रचना मात्र गेली.

प्रतिभा आपल्याकडे कमी नव्हती, रसिकही कमी नव्हते. वह्या लिहिणारा स्तेपानोव्ह, त्या वह्या जिवापाड जपणारा सर्गेयेव, आणि त्या वह्यांवरून नवशिक्या मुलींकडून वर्षानुवर्षे तेच नृत्य घटविणारी द व्हाल्वा, ही तीन माणसे कमी पडली. आपल्या विद्यापीठांतून आणि नृत्यशाळांतून आज पुष्कळ नव्या रचना होत आहेत, त्यांचे आम्ही मनापासून स्वागत करतो. त्यांतील एकीची तरी वही व्हावी आणि तिचा प्रयोग रचनाकाराच्या पश्चात दुसऱ्या कोणी करावा, म्हणजे पुढच्या ॲश्टनला उभे राहावयास जमीन मिळेल.